मशीन ठेवणीत घालण्याआधी

लातुरात ‘लॉन’ म्हटलं की लोकांना आधी लग्न आठवतं. पाटीवर ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ असं लिहिलेलं असतं, आणि ते ‘लॉन्स’ कापायला माझ्यासारखा कुणीतरी येतो. दोन कार्यालयं, एका कॉलेजचं मैदान, एका दवाखान्याचं आवार आणि पावसाळ्यात आसपासच्या गावांतले शेताचे बांध, अशी माझी कामं. सामान म्हणाल तर एक चाकांवर ढकलायची पेट्रोलची लॉन मशीन, गवत-झुडपं कापायचे दोन खांद्यावरचे ब्रश कटर (एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक), दोन बॅटरीवरचे फवारणी पंप आणि कात्र्या, विळे, खुरप्यांनी भरलेली एक लोखंडी पेटी.

दिवाळी उलटली की बांधावरचं गवत पिवळं पडतं आणि आमचे फोन थंडावतात. हरळीला गारठा सोसत नाही. रात्री थंडी पडायला लागली की ती जागच्या जागी बसते, वर येत नाही. लग्नसराईत कार्यालयवाले पाणी मारून हिरवं ठेवतात, पण तिथं त्यांची स्वतःची विजेवरची मशीन आहे, महिन्या-दीड महिन्यातून एकदा तीच फिरवून देतो. माझ्या मशिनींना मात्र आता मृगापर्यंत सुट्टी. सहा-सात महिने. या सहा-सात महिन्यांत मशीन काही न करता जेवढी बिघडते तेवढी चार महिने काम करून बिघडत नाही, हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो.

2015 चा पाऊस आमच्याकडं कसा गेला ते लातूरकरांना सांगायला नको. सप्टेंबरात मी शेवटचं गवत कापलं आणि मशिनी होत्या तशा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या केल्या. टाकीत अर्धं पेट्रोल, खाली चिकटलेलं गवत, सगळं तसंच. वाटलं, महिन्याभरात पाऊस येईल. पाऊस आलाच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागलेली. तिथं हिरवळीचं नाव कोण काढणार? जुलैत पाऊस झाला, गवत तरारलं, एका दिवशी चार फोन आले, आणि माझी एकही मशीन सुरू होईना. रस्सी ओढून ओढून तळहाताची सालं निघाली.

शेवटी रिक्षात घालून सगळा लवाजमा औसा रोडच्या एका मिस्त्रीकडं नेला. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. चाचांनी लॉन मशीनच्या कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी सोडली आणि माझ्या नाकाजवळ धरली. पेट्रोलचा वास नव्हताच, जुन्या रंगाच्या डब्याचा यावा तसा उग्र वास. वाटीच्या तळाला गुळाच्या पाकासारखा पिवळा चिकट थर. जेट म्हणजे पितळेचा एवढासा खिळा, त्याच्या मधोमध केसाएवढं भोक. चाचांनी तो उजेडाकडं धरला. पलीकडचं काही दिसेना. “बेटा, हे पाहा. मशीन चांगलीय. तू हिला शिळं खाऊ घालून झोपवलंस.” दोन कटरच्या कार्बोरेटरचे रबरी पडदे कडक झालेले, एका पेट्रोलच्या नळीचे बोटांत धरताच तुकडे. त्या महिन्याची निम्मी कमाई चाचांच्या गल्ल्यात गेली.

तेव्हापासून तुळशीचं लग्न ते येळवस या मधल्या दिवसांत मी दोन दिवस काढून ठेवतो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या लातूर-धाराशिवकडं शहरं ओस पडतात आणि सगळे शेतात भज्जी-आंबील खायला जातात. त्याआधी मशिनी झाकल्या गेल्या पाहिजेत, हा माझा नेम. ते दोन दिवस कसे जातात ते सांगतो.

सुरुवात खरं तर शेवटच्या कामाच्या दिवशीच होते. त्या दिवशी टाकी भरायची नाही. अंदाजानं तेवढंच पेट्रोल घालायचं, म्हणजे काम संपता संपता टाकीही संपत येते. टू-स्ट्रोकच्या बाबतीत हे जास्त पाळा, कारण ऑइल मिसळलेलं उरलेलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये ओतता येत नाही आणि ते पुढच्या जूनपर्यंत टिकतही नाही. साधं पेट्रोल उरलं तर गाळून लगेच गाडीत घालून संपवा.

पेट्रोल जुनं झालं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड, चिकट भाग मागं राहतो. महिनाभर ठीक, त्यापुढं भरवसा नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. 2014 च्या सुमाराला ते दीड टक्का होतं, 2025 पर्यंत वीस टक्क्यांवर गेलं. त्यातलं बरंच आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांतून निघालेलं, त्यामुळं त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मोटरसायकल रोज चालते, तिथं साचायला सवड मिळत नाही. आपली मशीन सहा महिने उभी. आत ओल साचत जाते, प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि मशीन पेट्रोल ओढते ते तळातूनच. मग कार्बोरेटरच्या आत पांढरट पूड धरते, जुन्या मशिनींच्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. 2016 ला फक्त पाक झाला होता, आता पाकाबरोबर गंजही येतो.

म्हणून टाकी पूर्ण रिकामी करायची. लॉन मशीनला कॉक असेल तर नळी काढून डब्यात सोडा, नसेल तर हातपंपानं उपसा. तोंडानं नळी ओढू नका. आमच्याकडं ही सवय फार आहे, आणि पोटात गेलेलं पेट्रोल फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. हे सगळं अंगणात, उघड्यावर. बिडी नाही, चूल नाही, देवघरातल्या दिव्याजवळ तर नाहीच. टाकी रिकामी झाल्यावर मशीन सुरू करा आणि चालू द्या. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या थेंबांवर ती दोन-चार मिनिटं चालते, मग आचके देते आणि बंद पडते. हातानं बंद करू नका, तिची ती बंद पडली पाहिजे. थांबल्यावर चोक देऊन पुन्हा ओढा, आणखी पाच-दहा सेकंद चालेल. मग वाटीच्या खालचा स्क्रू सोडून उरलंसुरलं काढून घ्या. चमचाभर तरी निघतंच. तो चमचाच जेट बुजवतो.

कटरला वाटी नसते, त्याच्या कार्बोरेटरमध्ये रबरी पडदे असतात. तिथं टाकी उपडी करून रिकामी केल्यावर खालचा पारदर्शक फुगा दाबत राहायचं. आधी त्यात पेट्रोल दिसतं, मग बुडबुडे, मग नुसती हवा. नुसती हवा आली की रस्सी ओढून आतलं उरलेलं जाळून टाका. टाकीत तळाला नळीच्या टोकाला एक छोटी गाळणी असते. वाकड्या तारेच्या आकड्यानं ती बाहेर ओढून बघा. काळी झाली असेल तर बदला. किंमत चहा-पोह्याएवढी, आणि जूनमधली निम्मी कटकट तिथंच मिटते.

काही जण मला विचारतात की दर महिन्याला पाच मिनिटं मशीन चालू केली तर हे सगळं करायची गरज काय? माझं मत, नका करू. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आतली ओल उडत नाही, आणि त्यासाठी टाकीत पेट्रोल ठेवावं लागतं ते वेगळंच. शिवाय दोन महिने तुम्ही उत्साहानं कराल, तिसऱ्या महिन्यात हरभऱ्याच्या काढणीत विसराल. मी विसरलो होतो.

पेट्रोल काढण्याआधी एक काम आठवणीनं, ते म्हणजे ऑइल बदलणं. मशीन पाच मिनिटं चालवून कोमट झाली की ऑइल पातळ होतं आणि घाण घेऊन बाहेर येतं. थंड मशीनचं काढलं तर गाळ आतच राहतो. जुनं, जळकं ऑइल आत ठेवून मशीन सहा महिने उभी केली तर त्यातली आम्लं बेअरिंगला लागतात. म्हणून नवं ऑइल आत्ताच घालायचं, जूनमध्ये नाही. माझ्या 35 सीसीच्या फोर-स्ट्रोक कटरला 100 मिली लागतं, लॉन मशीनला अर्ध्या लिटरच्या आसपास. डिपस्टिक बघून घाला, जास्त झालं तरी धूर होतो. 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल चालतं. माझ्या पुस्तकात एसएई 30 ही लिहिलंय आणि आमच्या उन्हाळ्यात मला तेच बरं वाटतं, पण तुमच्या मशीनचं पुस्तक काय म्हणतं ते आधी. टू-स्ट्रोकमध्ये वेगळं ऑइल नसतं, ही गल्लत करू नका. त्याचं ऑइल पेट्रोलातच असतं. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली, 40 ला 1 म्हणजे 25 मिली, 50 ला 1 म्हणजे 20 मिली. मी मापाच्या बाटलीवर नेलपेंटनं रेघ मारून ठेवलीय. नेलपेंट बायकोचं. तिला ते माहीत आहे.

निघालेलं जळकं ऑइल नालीत किंवा उकिरड्यावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडं ते गोळा करणारे येतात. आमच्या गावाकडं कुंपणाच्या लाकडांच्या बुडख्याला वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी रीत आहे. विहिरीजवळच्या लाकडांना मी ते लावत नाही.

आता प्लग. प्लगची टोपी काढायची ती प्लग सोडण्यासाठीच नाही. पात्याला हात लावायच्या आधीही ती काढायचीच. मशीन बंद आहे म्हणून पातं हातानं फिरवलं आणि ती नेमकी एकदा फुसकन सुरू झाली तर बोटं मोजावी लागतात. माझा भाचा माझ्याबरोबर काम करतो. पहिल्याच दिवशी त्याला हे पाठ करायला लावलं. आता तो मलाच ओरडतो, “मामा, टोपी!”

प्लग सोडला की त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर मशीनची तब्येत बरी. काळं, कोरडं काजळ असेल तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक अर्धा लागून राहतोय. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त पडतंय. वायर ब्रशनं साफ करा, टोकांमधली फट (गॅप) 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठेवा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ताजं ऑइल आत सोडा. टू-स्ट्रोकला टूटी ऑइलच, म्हणजे पेट्रोलात मिसळतो तेच. भोकावर फडकं धरून रस्सी दोन-तीनदा सावकाश ओढा, म्हणजे ऑइल सिलिंडरला सगळीकडून लागतं. फडकं धरायला विसरलात तर ऑइलची पिचकारी तोंडावर येते. प्लग परत बसवा, टोपी मात्र लावू नका. शेवटी रस्सी हलकेच ओढा आणि जड लागली की तिथंच थांबा. जड लागते म्हणजे पिस्टन दाब धरून आहे. फोर-स्ट्रोकमध्ये त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, बाहेरची ओल आणि किडामुंगी आत जात नाही.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, थोडं ऑइल टाकून मुठीत दाबून जास्तीचं काढून टाका. कागदाचा असेल तर फक्त झटका. धुतला तर गेला. बांधाचं काम केलेल्या कटरचा फिल्टर बघितला की पावसाळाभर आपल्या नाकात काय गेलं असेल याचा अंदाज येतो.

लॉन मशीन खालून बघण्याची हिंमत फार थोडे करतात. तिला आडवी करताना प्लग आणि एअर फिल्टरची बाजू वर राहू द्या, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. ही चूक मी दोनदा केली. खाली पावसाळाभराचं गवत शेणाच्या गिलाव्यासारखं चिकटून बसलेलं असतं. वरून कोरडं, आतून ओलं, आणि त्याच्याखाली पत्रा गुपचूप गंजत असतो. मी घरातलं टाकून दिलेलं लाकडी उलथनं वापरतो, लोखंडी पटाशीनं रंग निघतो आणि रंग गेला की गंजाला दार उघडं. खरवडून झालं की ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळवायचं, आणि उघड्या पडलेल्या जागेवर ऑइलचा बोळा फिरवायचा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा इंजिनवर मारू नका. पाणी जिथं जायला नको नेमकं तिथं जातं.

पातं काढून कानशीनं धार लावा. कारखान्यानं जो उतार दिलाय तोच धरा, साधारण तीस अंशांचा असतो. दाढीच्या वस्तऱ्यासारखी धार नको, पहिल्या खड्यालाच ती वळते. लोण्याच्या सुरीएवढी पुरे. वेळ लागतो तो दोन्ही बाजू सारख्या ठेवायला. भिंतीत खिळा ठोका, पात्याचं मधलं भोक त्यात अडकवा. जी बाजू खाली जाईल ती जड. तिला आणखी चार हात कानस मारा. पातं आडवं स्थिर राहिलं की झालं. हे केलं नाही तर मशीन थरथरते, आणि संध्याकाळी जेवताना हातातला घास थरथरतो. मैदानाच्या कामात हा फरक मला पहिल्याच वर्षी जाणवला.

कटरच्या पात्याचा नट बहुतेक मशिनींना उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी दीड हात लांबीचा पाइप पान्याला लावून ‘सोडत’ होतो आणि दर झटक्याला तो अधिकच आवळत होतो. आट्या गेल्या तेव्हा कळलं. डोक्याच्या गिअर बॉक्सला बाजूला एक छोटा बोल्ट असतो. तो काढून ग्रीस भरा, नवं आत जाईल तेवढंच. ठासून भरलं तर तापल्यावर सीलमधून बाहेर येतं. नायलॉनची तार रिळावर कडक, ठिसूळ झाली असेल तर फेकू नका. जूनमध्ये काम काढण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. नायलॉन पाणी पितं आणि पुन्हा लवचीक होतं. खांद्याचा पट्टा मात्र आत्ताच धुवा, घामाच्या मिठावर उंदीर येतात.

पंपाचं एवढं सांगण्यासारखं काय, असं वाटेल. मला वाटत नाही. लॉनमधलं रुंद पानाचं तण मारायला मी टू-फोर-डी मारतो, हरळीला त्याचं काही होत नाही. एका वर्षी जालन्याचा मेहुणा आला आणि पंप घेऊन गेला. मी एकदा पाण्यानं विसळून दिला होता. त्यानं कपाशीवर किडीचं औषध मारलं, आणि आठवड्यात पानं भेंडीच्या पानासारखी चिंबून, लांबट होऊन गेली. पंपात टू-फोर-डी उरलं होतं, आणि कपाशीला त्याचा नुसता वासही चालत नाही. पाहुणा काही बोलला नाही, पण त्या दिवाळीला जेवण गळ्याखाली उतरेना. आता एका पंपाला लाल टेप आहे. तो फक्त तणाचा, तो कुणाला देत नाही, भावालाही नाही.

ठेवण्याआधी दोन्ही पंप तीनदा धुवायचे. एकदा साध्या पाण्यानं, एकदा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं, शेवटी पुन्हा साध्या पाण्यानं. लाल टेपवाल्यात सोड्याचं पाणी रात्रभर राहू देतो. दर वेळी पंप चालू करून पाणी नळी, लान्स (फवारायची दांडी), नोझल सगळीकडून जाऊ द्यायचं. टाकी धुतली आणि नळी विसरली तर औषध नळीतच राहतं. हातमोजे घाला. ते पाणी विहिरीच्या, नाल्याच्या, गोठ्याच्या बाजूला नको, पडीक जागेवर पसरून टाका. गाळण्या आणि नोझल जुन्या दातांच्या ब्रशनं साफ करायच्या. नोझलच्या भोकात तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की फवारा बिघडतो. वायसरांना थोडं ग्रीस लावा आणि झाकण सैल ठेवा.

पंपाच्या बॅटरीची गंमत अशी की ती पेट्रोलच्या उलट आहे. टाकी रिकामी ठेवायची, बॅटरी मात्र भरून. माझ्या पंपात 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी आहे. ती पडल्या पडल्याही उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर असा थर धरतो की पुन्हा चार्ज घेत नाही. पूर्ण चार्ज करून वायर सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी अमावस्या धरली. आमच्याकडं अमावस्येला बरेच जण औत सोडतात, तो दिवस मोकळाच असतो, आणि सुरुवात येळवशीपासून आपोआप होते. बायको सकाळीच आठवण देते, “अहो, आज अवस. तुमची बॅटरी.” ज्यांची बॅटरी लिथियमची आहे त्यांनी मात्र काठोकाठ भरून ठेवू नये, निम्म्याच्या आसपास बरी. आणि ती पत्र्याच्या शेडमध्ये नको, घरात सावलीला. मे महिन्यात आमच्या शेडमध्ये हात ठेवता येत नाही.

हातातली हत्यारं पटकन होतात. माती खरवडा, गंजावर पॉलिश पेपर मारा, ऑइलचं फडकं फिरवा. कात्रीचा मधला नट सोडून आतला चीक पुसा. लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चोळा, करडईचं नको, ते नीट सुकत नाही. फक्त तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. पाण्याचे पाइप रिकामे करून सावलीत गुंडाळले की काम संपलं.

ठेवायची जागा. जमिनीवर नाही, चार विटा आणि वर फळी. युरियाच्या किंवा कुठल्याही खताच्या पोत्यांजवळ तर मुळीच नाही. खत ओल ओढतं आणि शेजारच्या लोखंडाला खाऊन टाकतं. वरून प्लॅस्टिकचा कागद लोक बांधतात. आतली ओल आतच कोंडते आणि सकाळी कागदाला आतून थेंब आलेले असतात. मी आईचं जुनं लुगडं घालतो. धूळ अडते, वारा खेळतो. कोपऱ्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी, कारण उंदराला रस्सीच्या झाकणाखालची जागा बाळंतपणासाठी फार आवडते.

आणि कुंभारमाशी. एका जूनमध्ये सगळं नीट करूनही फोर-स्ट्रोक कटर सुरू होईना. ताजं पेट्रोल होतं, प्लग ठिणगी टाकत होता. भाच्यानं सायलेन्सरच्या तोंडाकडं बोट दाखवलं. आत सुबक, गुळगुळीत मातीचं घरटं, अगदी लिंपून घ्यावं तसं. काडीनं फोडलं तर आत वाळलेले कोळी ओळीनं भरलेले. तेव्हापासून सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालतो, आणि त्या बोळ्याला लाल रिबीन बांधून तिचं दुसरं टोक रस्सीच्या मुठीला. नाहीतर जूनमध्ये बोळा तसाच ठेवून मशीन ओढत बसायचो.

मुठीला आणखी एक गोष्ट बांधतो. वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर काय झालं आणि काय आणायचं राहिलं ते. मृगाच्या तोंडावर दुकानात गर्दी उसळते आणि नेमका आपल्याला हवा तोच पडदा संपलेला असतो, म्हणून सामान उन्हाळ्यातच आणून ठेवायचं. यंदाच्या पुठ्ठ्यावर भाच्याच्या अक्षरात तीन ओळी आहेत: टू-स्ट्रोकची पेट्रोल नळी, लॉन मशीनच्या मागच्या चाकाचं बुश, चाचांचे दोनशे रुपये.